तीनशे शब्दांचा निबंध आणि कुणी न वाचलेला अहवाल

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा होता. त्याला त्याच दिवशी जामीन मिळाला आणि जामिनाच्या अटींत रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती. लोक खवळले, आणि खवळण्यासारखेच ते होते. तीन दिवसांनी, अठरा वर्षांखालच्या मुलांची प्रकरणे पाहणाऱ्या बाल न्याय मंडळाने त्याला निरीक्षणगृहात (रिमांड होममध्ये) धाडले. २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले आणि मुलाला आत्याच्या ताब्यात दिले, कारण जामीन रद्द झालेला नसताना त्याला आत ठेवले होते.

या साऱ्या गदारोळात बारकावे हरवले. निबंध ही शिक्षा नव्हती. शिक्षेच्या जागी येणारे उपाय बाल न्याय कायद्याच्या कलम १८ मध्ये आहेत आणि चौकशी होऊन मुलाने गुन्हा केल्याचे ठरल्यानंतरच ते लागू होतात. जामिनाच्या टप्प्यावर कुणी दोषी ठरलेले नसते. त्यामुळे ‘एवढ्या गुन्ह्याला एवढीच शिक्षा?’ हा प्रश्नच चुकीच्या दारावर आपटत होता. दुसरे असे, की तो दिवस रविवारचा होता. मंडळाची बैठक नसताना मुलाला एका सदस्यासमोर हजर करता येते. त्या एका सदस्यापुढे काय असते? पोलिसांचे कागद असतात, दोन्ही बाजूंचे वकील असतात. मुलगा कोण, घरात त्याच्यावर कुणाचा वचक आहे, तो दारू कधीपासून पितो, गाडीची किल्ली त्याच्या हाती कशी येते, यातले काहीही नसते. हाताशी माहिती नसली की अटी हवेतून काढाव्या लागतात. निबंध तसाच आला.

अशा प्रत्येक घटनेनंतर मागणी ठरलेली: बालक मानण्याचे वय अठरावरून सोळावर आणा. २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर ती झाली, त्यातून २०१५ चा बाल न्याय अधिनियम आला आणि १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. निर्घृण गुन्ह्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची वाट तेव्हापासून कायद्यात आहेच. वयावर आणखी भांडून हाती फारसे काही लागणार नाही. मुलगा पकडला गेल्यापासून पहिल्या पंधरा दिवसांत त्याच्याविषयी जे समजायला हवे ते आपण समजून घेत नाही, आणि पुढचे सगळे त्याच पोकळीत उभे राहते. दुरुस्ती तिथे हवी.

आधी प्रश्नाचा आकार पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात विधी संघर्षग्रस्त बालकांविरुद्ध (म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठराखालच्या मुलांविरुद्ध) ३०,५५५ प्रकरणे नोंदली गेली. एकूण गुन्ह्यांच्या तुलनेत हे एक टक्क्याहूनही कमी. वर्तमानपत्रात येतो तो खून किंवा बलात्कार. मंडळापुढे रोज येते ते मोबाइल, दुचाकी, मारामारी, घरफोडी. साध्या चोरीला भारतीय न्याय संहितेत तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे बाल न्याय कायद्याच्या भाषेत साधी चोरी हा ‘किरकोळ’ गुन्हा. अशा प्रकरणाची चौकशी चार महिन्यांत आणि वाढीव दोन महिने धरून सहा महिन्यांत संपली नाही, तर ती आपोआप बंद होते. मुलाला हे बरे वाटेल, पण त्या सहा महिन्यांत त्याच्यासाठी कुणी काहीच केलेले नसते. सुटला आणि तसाच राहिला, असा त्याचा अर्थ.

आता त्या अहवालाकडे येऊ. मुलाला ताब्यात घेतल्याचे पोलिसांनी परिविक्षा अधिकाऱ्याला (मुलाची माहिती काढणारा आणि सुटल्यावर देखरेख ठेवणारा प्रोबेशन ऑफिसर) कळवायचे आणि त्याने दोन आठवड्यांत सामाजिक तपास अहवाल मंडळाला द्यायचा, असे कलम १३ सांगते. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांतला नमुना ६ तो हाच. त्यात घर, शाळा, सवयी, व्यसन, मित्र, आजार, मुलावर झालेले अत्याचार, टोळीने किंवा मोठ्यांनी त्याचा वापर केला का, असे सगळे रकाने आहेत. नमुना चांगला आहे. भरला कसा जातो, ते पाहा. मंडळाच्या व्हरांड्यात आईला गाठून दहा मिनिटांत प्रश्न विचारायचे आणि लिहायचे: ‘आर्थिक परिस्थिती बेताची. पालकांचे दुर्लक्ष. वाईट संगत. समुपदेशनाची गरज.’ नाव बदलले तर हाच अहवाल पुढच्या पन्नास मुलांना चालेल. मंडळानेही तो वाचून करायचे काय? म्हणून तो फाइलला लागतो, वाचला जात नाही.

त्याच जागी समजा असे लिहिलेले असते: ‘आठवीपर्यंत हजेरी चांगली. नववीत वडिलांचे काम सुटले, दिवाळीनंतर मुलगा शाळेत गेलेला नाही, नाव मात्र पटावर आहे. ज्या दोघांसोबत पकडला ते बावीस आणि पंचवीस वर्षांचे, त्याच गल्लीतले. गाडी त्यांनी विकली, याला पाचशे रुपये दिले. सहा महिन्यांपासून व्हाइटनर हुंगतो. मामा शेजारच्या तालुक्यात, ठेवून घ्यायला तयार. तिथली शाळा चार किलोमीटरवर. मुख्याध्यापकांशी बोलणे झाले.’ यातल्या प्रत्येक वाक्याखाली एक आदेश दडलेला आहे. त्या दोघांवर मुलाला गुन्ह्यासाठी वापरल्याचे कलम लावा: न्याय संहितेचे कलम ९५ किंवा बाल न्याय कायद्याचे ८३. मुलाला मामाकडे, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडा. व्यसनमुक्तीसाठी जिल्हा रुग्णालयात तारीख घ्या. शाळेला पत्र द्या. निबंधाची गरजच पडत नाही.

मग असा अहवाल का लिहिला जात नाही? आळस हे सोपे उत्तर झाले. खरी अडचण दिवसांच्या हिशेबात आहे. एक घरभेट, एक शाळाभेट, शेजारी किंवा मालक, मुलाशी दोनदा बोलणे, मग लिहिणे: मनापासून केले तर दोन दिवस सहज जातात. महिन्याला दहा नवी प्रकरणे आली तर वीस दिवस तिथेच संपले, आणि आधी देखरेखीखाली सोडलेल्या मुलांकडे जाणार कधी? जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या रचनेत विधी-नि-परिविक्षा अधिकारी हे पद एकच असते, तेही बहुतेक ठिकाणी कंत्राटी. राज्याचे परिविक्षा अधिकारी वेगळे असतात, पण त्यांच्या माथी दुसऱ्या कायद्यांचीही कामे असतात. गाडी नाही, प्रवासभत्त्याचे बिल महिनोन्‌महिने अडकलेले, आणि मुलाचे घर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. अशा माणसाने व्हरांड्यात फॉर्म भरला तर नवल काय?

यावर उपाय पैशांचाच आहे, पण फार मोठ्या पैशांचा नाही. एका अधिकाऱ्याकडे एका वेळी किती मुले, याची वरची मर्यादा नियमांतच घालावी आणि ती ओलांडली की नवे पद आपोआप मंजूर व्हावे. प्रवासखर्च आगाऊ द्यावा. अहवालाचे दोन भाग करावेत: पहिल्या ४८ तासांत एक पान, फक्त जामिनापुरते (कोणाकडे सोडता येईल, तिथे धोका काय, आजार किंवा व्यसन आहे का), आणि पंधराव्या दिवशी पूर्ण अहवाल. मंडळानेही पोकळ अहवाल निमूट स्वीकारू नये. ‘वाईट संगत’ लिहिले असेल तर कोणाची, किती वयाच्या माणसांची, असे लेखी विचारून परत पाठवावा. तीन-चार अहवाल परत गेले की पाचवा नीट येतो.

पोलीस ठाण्यातले पहिले काही तास हाही वेगळाच विषय आहे. नियम स्पष्ट आहेत. निर्घृण गुन्हा असेल किंवा प्रौढांसोबत मिळून केलेला असेल तरच एफआयआर. एरवी स्टेशन डायरीत नोंद आणि मुलाची सामाजिक पार्श्वभूमी लिहून मंडळाकडे. साध्या वेशातला पोलीस, बेडी नाही, कोठडी नाही, जबाबावर सही नाही, चोवीस तासांच्या आत हजर. बिघडते ते शेवटच्या अटीवर. चोवीस तास मोजायचे ते उचलल्यापासून. पण डायरीत वेळ पडते ती मुद्देमाल सापडल्यानंतरची. मधला वेळ कागदावर नसतोच, आणि मारहाण झाली असेल तर ती त्याच वेळात. मंडळाने हजर झालेल्या प्रत्येक मुलाला पोलिसांना बाहेर पाठवून तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे आदेशपत्रात लिहावीत: तुला कधी, कुठून आणलं? आईवडिलांना फोन कधी गेला? कुणी हात लावला का? पालकांच्या मोबाइलवर आलेल्या कॉलची वेळ हा पुरावा फुकट मिळतो. तो बघितला जात नाही, एवढेच.

जामिनाबाबत कायदा उदार आहे, व्यवहार कद्रू. कलम १२ म्हणते, जामीनदारासह किंवा त्याशिवाय मुलाला सोडावे. न सोडण्याची कारणे तीनच, आणि ती लेखी द्यायची. प्रत्यक्षात जामीनदार मागितला जातो, तो भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आईला मिळत नाही, आणि मुलगा आतच राहतो. सात दिवसांत अट पुरी झाली नाही तर अट बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणायचे, हे त्याच कलमात लिहिलेले आहे. निरीक्षणगृहाच्या अधीक्षकांनी दर सोमवारी एक यादी मंडळाला दिली (जामीन मिळून सात दिवस झाले तरी आत असलेली मुले), तर केवळ गरिबीपायी आत राहिलेली मुले आठवडाभरात घरी जातील. यासाठी कायदा बदलायला नको, पदही नको.

सगळ्यात जास्त घोळ आहे प्राथमिक मूल्यांकनात. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर कलम १५ नुसार मंडळाने तीन गोष्टी तपासायच्या: गुन्हा करण्याची त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत, आणि गुन्हा ज्या परिस्थितीत घडला ती. त्यावरून तो बाल न्यायालयात प्रौढ म्हणून उभा राहील की नाही ते ठरते. मंडळात बाल मानसशास्त्राचा किंवा मानसोपचाराचा पदवीधर नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सांगितले. ठीक. तज्ज्ञ येतो आणि करतो काय? बुद्ध्यंकाची चाचणी. मुलगा ९० गुण मिळवतो आणि निष्कर्ष निघतो: ‘सामान्य बुद्धिमत्ता, परिणामांची जाण आहे.’ पण बुद्ध्यंक चाचणी आकृत्या जुळवता येतात का हे सांगते. चार मित्रांच्या चिथावणीत, रात्री अकरा वाजता, हातात शस्त्र असताना हा मुलगा थांबू शकला असता का, हे ती सांगत नाही. मग प्रश्न येतो, ‘चोरी करणं, मारणं चूक आहे का?’ निरीक्षणगृहात महिना काढलेला कोणता मुलगा ‘नाही’ म्हणेल? उत्तर बरोबर दिले म्हणून समज आहे, समज आहे म्हणून प्रौढ. या गाळणीतून सगळेच खाली पडतात.

आणखी एक धोका आहे. ‘परिस्थिती’ तपासायची म्हणून तज्ज्ञ मुलाला घटनेबद्दल विचारतो, मुलगा सांगतो, आणि ते अहवालात जाते. म्हणजे दोष ठरण्याआधीच कबुलीजबाब तयार. कायद्यानेच म्हटले आहे की हे मूल्यांकन म्हणजे खटला नव्हे. म्हणून घटनेचा तपशील मूल्यांकनात येताच कामा नये. परिस्थितीसाठी सामाजिक तपास अहवाल वापरावा. निदान तीन वेगवेगळ्या दिवशी भेट व्हावी, शाळेचे जुने शेरे पाहावेत, डोक्याला मार, फीट, व्यसन यांचा इतिहास घ्यावा, आणि ‘सांगता येत नाही’ हा निष्कर्ष लिहिण्याची मुभा तज्ज्ञाला असावी. आज त्याला हो किंवा नाही यांतच लोटले जाते.

त्यात ‘निर्घृण’ची व्याख्या ठरते किमान शिक्षेवरून: ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षे, तो निर्घृण. याचा परिणाम विचित्र आहे. खुनाच्या प्रयत्नाला दहा वर्षांपर्यंत, दुखापत झाली तर जन्मठेपेपर्यंतही शिक्षा आहे, पण किमान नाही. म्हणून २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि २०२१ ची दुरुस्ती यांनुसार तो ‘गंभीर’. कोयत्याने वार करणारा सतरा वर्षांचा मुलगा, समोरचा वाचला तर, मूल्यांकनाला सामोरा जात नाही. उलट सतरा वर्षांचा मुलगा सोळा वर्षांच्या मैत्रिणीसोबत पळून गेला आणि शरीरसंबंध आला, तर पोक्सोखाली (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) किमान शिक्षा दहा वर्षे, म्हणजे ‘निर्घृण’, आणि प्रौढ म्हणून खटल्याची टांगती तलवार. मुलीचे वडील तक्रार देतात, मुलगी ‘मी स्वतः गेले’ म्हणते, तरीही. वयावरून रान उठवणाऱ्यांनी जरा या कलमांच्या जोडणीकडे पाहिले असते तर बरे झाले असते.

वयाचा विषय निघालाच आहे तर १ जूनबद्दल. महाराष्ट्रात एका पिढीचे निम्मे वाढदिवस १ जूनला येतात, याचे सगळ्यांना हसू येते. शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजे वय धरून लिहिलेली ती तारीख. कलम ९४ प्रमाणे वय ठरवताना पहिला मान शाळेच्या दाखल्याला किंवा दहावीच्या प्रमाणपत्राला. तो नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. म्हणजे अंगणवाडीच्या वहीत, दवाखान्याच्या कार्डावर खरी तारीख असली तरी दाखल्यावरचा १ जून जिंकतो. सोळा आणि अठरा या दोन रेषांवर उभ्या असलेल्या मुलाचे पुढचे आयुष्य त्या अंदाजावर फिरते, कधी त्याच्या बाजूने, कधी विरुद्ध. हाडांच्या तपासणीतही एक-दोन वर्षांची चूक गृहीत धरावी लागते, त्यामुळे तीही रामबाण नाही. निदान दाखल्यावर १ जून दिसला की मंडळाने पहिलीच्या प्रवेशाचे रजिस्टर आणि लसीकरणाची नोंद मागवावी, दाखल्याशी ताडून पाहावी, एवढे सहज करता येईल. मुले घरात नव्हे, दवाखान्यात जन्मू लागली तसा हा प्रश्न कमी होतो आहे, पण वीटभट्टी, ऊसतोड, पालावरची वस्ती इथली मुले अजून त्यात सापडतात.

निरीक्षणगृहाबद्दल थोडक्यात. लोक त्याला अजून रिमांड होमच म्हणतात, आणि आतले वातावरणही त्या नावाला जागते. चौकशी सुरू असेपर्यंत राहण्याची ती जागा. त्यामुळे ‘हा चार दिवसांचा पाहुणा’ म्हणून शिकवायला कुणी सुरुवातच करत नाही, आणि चार दिवस म्हणता म्हणता चार महिने होतात. शाळेत गैरहजेरी लागते, पटावरून नाव जाते, दहावीचा फॉर्म भरायचा राहतो. आल्याच्या तिसऱ्या दिवशी शाळेला एक पत्र गेले (कारण न लिहिता, फक्त ‘मुलगा शासकीय संस्थेत आहे, नाव कमी करू नये’) तरी वर्ष वाचते. व्यसनाचे तसेच. नशा अचानक तुटलेल्या मुलाची चिडचिड, झोप उडणे, थरथर यांना ‘उद्धटपणा’ समजून कोपऱ्यात उभे केले जाते. ते लक्षण आहे हे काळजीवाहकाला कळायला अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण पुरते.

आणि ज्याचे नुकसान झाले त्याचे काय? या कायद्यावरचा सर्वात खरा आक्षेप हाच आहे, आणि मुलांच्या बाजूने बोलणारे त्याला बगल देतात. पीडिताला या प्रक्रियेत जवळजवळ जागाच नाही. निकाल काय लागला हेही त्याला धड कळत नाही, कारण सगळे गोपनीय. मुलाची ओळख लपवणे योग्यच आहे, कलम ७४ तसे सांगते, मोडले तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. पण ‘तुमच्या दुचाकीच्या प्रकरणात असा आदेश झाला’ एवढे पीडिताला सांगण्यात ओळख उघड होत नाही. किरकोळ आणि गंभीर गुन्ह्यांत, पीडिताची इच्छा असेल तर, तयारी करून घडवलेली समोरासमोर भेट, आणि कलम १८ मधल्या समाजसेवेच्या आदेशात भरपाईचा काही भाग, हे आजही करता येईल. समाजसेवा म्हणजे काय हेही ठरलेले हवे. उद्यान, रुग्णालय, वृद्धाश्रम अशा ठिकाणांशी जिल्हा कक्षाने आधी करार केलेला असला, तास आणि देखरेख करणारा माणूस ठरलेला असला, तर मंडळ तिथे पाठवू शकते. तशी जागाच नसली की काहीतरी लिहून आणायला सांगितले जाते.

मंडळच अपुरे असेल तर हे सगळे बोलणे वाऱ्यावर. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते सदस्य, त्यांतील एक तरी महिला, ही रचना मुद्दाम केलेली आहे: कायद्याच्या नजरेशेजारी दुसरी नजर हवी म्हणून. सदस्याची जागा रिकामी राहिली की ते साधे कोर्ट होते. अंतिम आदेशाला न्यायदंडाधिकारी धरून किमान दोघे लागतात. दुसरे नसले की तारीख. नेमणुका मुदत संपण्याच्या सहा महिने आधी सुरू करणे एवढे साधे काम होत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाला फेब्रुवारी २०१८ मध्ये रिक्त जागा भरा म्हणून राज्यांना सांगावे लागले.

शेवटचा टप्पा सुटकेचा. कायदा म्हणतो नवी सुरुवात: कलम २४ प्रमाणे या प्रकरणामुळे मुलाला कुठेही अपात्र धरायचे नाही, आणि ठरलेल्या काळानंतर नोंदी नष्ट करायच्या (बाल न्यायालयाने दोषी ठरवलेले निर्घृण गुन्हे सोडून). २०१९ मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या भरतीतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितले. पण भरतीच्या फॉर्मवर ‘आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता काय?’ हा रकाना अजून आहे. मुलगा ‘नाही’ लिहितो आणि पोलीस ठाण्याच्या संगणकातली जुनी नोंद चारित्र्य पडताळणीत वर येते. ‘होय’ लिहिले तर तिथेच संपते. मंडळ आपली फाइल जाळते, संगणकातली नोंद मात्र तशीच राहते, कारण ती पुसायला कुणी कुणाला लेखी कळवलेलेच नसते. त्या फॉर्मवर ‘वयाच्या अठरा वर्षांनंतर’ हे शब्द घालायला एका परिपत्रकाचे काम आहे.

आणि ज्या दिवशी तो विशेष गृहाच्या (दोषी ठरलेल्या मुलांना ठेवण्याची जागा) फाटकातून बाहेर पडतो त्या दिवशी त्याच्या हातात काय असते? बहुधा कपड्यांची पिशवी. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत पश्चात सेवेसाठी, म्हणजे संस्थेतून सुटल्यानंतरच्या आधारासाठी, महिना ४,००० रुपयांची तरतूद आहे. पण त्यासाठी बँक खाते लागते, खात्याला आधार लागते, आधारला पत्ता लागतो, आणि हे सगळे गोळा करायला सुटण्याआधीचे तीन महिने असतात. ते नीट वापरले तर त्याच्या पिशवीत पासबुक, शाळेचा दाखला, गोळ्यांची चिठ्ठी आणि एका माणसाचा फोन नंबर असेल. तो माणूस परिविक्षा अधिकारी असेल, तर त्याने त्या महिन्यात मुलाच्या घरी एकदा जाऊन आलेले असावे.